मरीआईच्या गाड्याविरुद्ध फिर्याद

नोकरीत माझ्या हातून अनेक गुन्ह्यांचे तपास झाले. त्यांतील बहुतेक आरोपींचे चेहरे आता आठवत नाहीत. परंतु एका लाकडी गाड्याच्या चाकोऱ्या मात्र आजही डोळ्यांपुढे जशाच्या तशा उमटतात. त्या किती खोल होत्या हेही मी सांगू शकतो. चार बोटे. मी त्या स्वतः मोजून स्टेशन डायरीत नोंदवल्या होत्या.

महायुद्धाची वर्षे होती. मी नुकताच फौजदार झालो होतो आणि नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात, शेवगाव-पाथर्डीच्या बाजूस, एका कसब्याच्या ठाण्यावर माझी नेमणूक झाली होती. संबंधितांपैकी कोणाचेही नाव मी येथे लिहिणार नाही. हकिकतीत तीन गावे येतात. पहिले, ठाणे होते तो कसबा. दुसरे, तेथून दोन कोसांवरचे मधले गाव. तिसरे, त्याच्याही पुढे, ओढ्यापलीकडचे शेवटचे गाव. शेवटच्या गावाची वाट मधल्या गावाच्या शिवारातूनच जात असे. वाचकांनी एवढा नकाशा ध्यानात ठेवला म्हणजे पुरे.

त्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. आठवड्याचा बाजार बंद झाला. शेवटच्या गावात साथीचा जोर अधिक होता, म्हणून मामलेदारांनी ते गाव बंद केले. आत जाणाऱ्याने आठ दिवस बाहेर यायचे नाही, असा हुकूम होता. कोरड्या ओढ्यावर मी एक शिपाई बसवला आणि त्याला बजावले, "जो कोणी पलीकडे जाईल, मग तो कोणीही असो, त्याला आठ दिवस परत सोडायचे नाही." 'कोणीही असो' हे शब्द मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. सूचना समजली की नाही हे ऐकणाऱ्याच्या तोंडून ऐकावे, मान हलवण्यावर विसंबू नये, हा माझा नियम होता. त्या नियमाचा पुढे मला पश्चात्ताप झाला.

कसब्यात एक धर्मकोठी होती. शाळेचे निवृत्त हेडमास्तर ती चालवीत. पद्धत अगदी साधी होती. दळायला बसण्यापूर्वी प्रत्येक घरच्या बाईने मूठभर धान्य एका वेगळ्या गाडग्यात टाकायचे. आठवड्याने ती गाडगी कोठीत रिती व्हायची. आणि ज्या घरी चूल पेटली नसेल त्या घरी ते धान्य पोहोचायचे. कोणाच्या घरी पोहोचले, हे मास्तर कोणालाही सांगत नसत. साथीतही मुठी थांबल्या नाहीत. कोठी भरलेली होती. अडचण पोहोचवण्याची होती. शेवटच्या गावी गाडी न्यायला एकही गाडीवान तयार नव्हता. मधल्या गावाने वेशीवर काट्या टाकून लाठीवाले उभे केले होते. आणि युद्धामुळे परवान्याशिवाय धान्य हलवण्यास मनाई होती.

अशा वेळी एके सकाळी कसब्यातील एक धान्याचे व्यापारी ठाण्यात आले. खुर्चीवर बसले, उपरण्याने घाम पुसला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, मी काही बोललो नाही असे समजा. पण कोठीतली पोती कमी होताहेत. बैल नाही, गाडीवान नाही, परवाना नाही, आणि पोती मात्र नाहीत. काळाबाजार म्हणतात तो काही वेगळा असतो का?"

काळाबाजाराविषयी या गृहस्थांचे ज्ञान चांगले असावे, असा माझा समज होता. तरी खबर ती खबर. मी ती टिपून घेतली.

त्याच दुपारी मधल्या गावचे पाटील आले. भरदार माणूस, मिशा वर वळवलेल्या, पण चेहरा उतरलेला.

"सायेब, फिर्याद ल्ह्या."

"कशाबद्दल?"

"तुमच्या कसब्यानं आमच्या शिवंत पटकी आनून टाकली."

ठाणे अंमलदाराने टाक दौतीत बुडवला होता, तो तसाच राहिला. मी विचारले, "पटकी? कशातून आणली?"

"गाड्यातनं. मरीआईच्या."

नव्या पिढीसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. त्या काळी साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा करीत. छोट्या लाकडी गाड्यावर देवीचा टाक, म्हणजे पितळी पत्र्यावर ठसवलेली प्रतिमा, बसवायचा, हिरवे लुगडे, बांगड्या, लिंबू-नारळ वाहायचे, आणि हलगी वाजवीत तो गाडा माणसांनी लोटत शेजारच्या शिवेवर सोडून द्यायचा. मागे वळून न पाहता परतायचे. देवी गेली, तिच्याबरोबर साथ गेली. ज्या गावाच्या शिवेवर गाडा आला, ते गाव तो तत्काळ पुढच्या शिवेवर नेऊन सोडी. कोणी अडवीत नसे, कोणी उघडून पाहत नसे.

"मग तुम्ही त्या गाड्याचे काय केलेत?" मी विचारले.

पाटलांनी मिशीला हात लावला. "काय करनार? वढ्यावर न्हेऊन सोडला. म्होरल्या गावाला."

"म्हणजे हाच गुन्हा तुम्हीही केलात."

"आमी कुटं केला? आमी निस्ता फुडं धाडला. टपाल आननाऱ्याला पत्रातल्या मजकुरासाठी कोन धरतंय व्हय?"

हवालदार भिंतीकडे तोंड करून खोकला. मी पीनल कोड उघडून एका गावाची साथ दुसऱ्या गावात लोटण्याला कलम शोधू लागलो. अंमलदाराने विचारले, "साहेब, आरोपीच्या रकान्यात काय लिहू?"

"तूर्त कोरा ठेवा," मी म्हणालो.

"आन सायेब," पाटील पुढे म्हणाले, "गाडा एकदा आला तर आमी बोललू नसतू. आमच्या आज्याच्या येळंला बी आल्ता. पर ह्यो दर मंगळवारी येतुया. दोनदा आला. आन मागं दोन गडी लोटायचे, आता आठ लागत्यात. देवी लई जड झालीया. आमच्या एका गड्याची कंबर धरली."

'जड' हा शब्द मी अधोरेखित केला. फिर्यादी रागाने बोलतो ते बहुधा निरुपयोगी असते. तो जाता जाता तक्रार म्हणून जे सांगतो, ते तपासाच्या कामाचे असते.

पाटील गेल्यावर मी हवालदाराला विचारले, "कसब्यातून गाडा कोण लोटतो?"

हवालदार ताठ उभा राहिला. "गावकरी लोटतात, साहेब."

"कोणकोण?"

"बरेच जण." थोडा थांबून तो म्हणाला, "पयल्या मंगळवारी मी बी हात लावला हुता. पर गावकरी म्हणून. टोपी घरी ठिवली हुती."

"जड होता?"

"लई."

"मग शंका आली नाही?"

"साहेब, देवीच्या वजनाची शंका घ्यायची आसती व्हय?"

घरी आल्यावर मी पत्नीला सहज विचारले. तिनेही दोन्ही मंगळवारी ओटी भरली होती आणि मास्तरांच्या सांगण्यावरून गाडग्यात मुठीऐवजी ओंजळ टाकली होती. तपास आता माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी ओढ्याजवळच्या बाभळीआड बसलो. बाभळीआड बसण्यात प्रतिष्ठा नसते, परंतु दृष्टी चांगली मिळते. हलगी वाजू लागली. मधल्या गावचे आठ जण गाडा लोटत आले. तोंडे दुसरीकडे, पाय पुढे. त्यांतला एक जण धापा टाकीत म्हणत होता, "आई, जरा हलकी हो गं! आमी तुजी लेकरं हाय, बैलं न्हाई!" ओढ्याच्या उतारावर त्यांनी गाडा सोडला आणि मागे लांडगा लागल्यासारखे पळाले. तेव्हाच मी चाकोऱ्यांत बोटे घातली. चार बोटे. एका पितळी टाकाने आणि एका नारळाने वाळलेल्या मातीत इतकी खूण होत नाही.

पलीकडे शेवटच्या गावची एक वयस्क शेतकरीण काठावरून खाली उतरली. तिला सारे आक्का म्हणत. तिने आधी हळद-कुंकू वाहिले, नमस्कार केला, टाक दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि स्वच्छ पाटावर ठेवला. मग लुगडे बाजूला केले. देवीचे आसन म्हणजे बाजरीचे शिगोशीग पोते होते. गाड्याच्या तळाशी फळीखाली आणखी एक होते.

"थांबा!" मी ओरडलो आणि धावत ओढा ओलांडला.

पोत्यावर हात ठेवून मी जप्ती जाहीर केली. पंच म्हणून दोन माणसे मागितली. मागे वळलो तेव्हा शिपाई काठावर सलाम ठोकून उभा होता.

"साहेब, आपन पलीकडं गेलाव."

"तपासासाठी गेलो."

"व्हय साहेब. पर हुकूम आपलाच हाय. 'कोणीही असो.' दोनदा म्हनून घेतलं हुतं."

"आणि हे गाडे दर आठवड्याला जातात, ते तू पाहिले नाहीस?"

"पायलं की. पर हुकूम मानसाचा हुता, साहेब. देवीचा न्हवता."

युक्तिवादात दोष काढता येईना. अशा रीतीने तपासी अधिकारी मुद्देमालासह आठ दिवस बंद झाला.

त्या आठ दिवसांत मी जे पाहिले, ते मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो. आक्कांनी गावाबाहेर, हातभर अंतराने नव्हे तर दहा-दहा पावलांवर, सपाट दगड मांडले होते. एका घराचा एक दगड. घरच्या माणसाने भांडे दगडावर ठेवून मागे सरायचे. आक्का मापट्याने बाजरी ओतून पुढे जायच्या. मग त्याने येऊन भांडे उचलायचे. गर्दी नाही, स्पर्श नाही, गोंगाट नाही. ज्या घरी आजारी असे तेथे माप वाढवून मिळे. प्रत्येक पोत्यात मास्तरांनी जांभळ्या औषधी पुडीची एक डबी घातलेली असे; ती विहिरीत टाकून झाल्याशिवाय बाजरीचे माप सुरू होत नसे. "आदी पानी, मंग दानं," असे आक्का म्हणत.

"पहिल्या गाड्याला हात लावायला तुम्ही भ्यायला नाहीत?" मी विचारले.

"भ्याले की! निम्मा दिस गाडा तसाच उबा हुता. मंग म्हनलं, आई दारात आलीया, वटी तर भरावी. वटी भराया गेले तर हाताला पोतं लागलं. मी म्हनलं, दान्यावर बसून आलेली बाई माराया आलेली नसती."

दुपारी माझाही दगड ठरला. माझ्याजवळ भांडे नव्हते. मी डोक्यावरची सरकारी टोपी काढून दगडावर उलटी ठेवली. आक्कांनी एक माप ओतले आणि म्हणाल्या, "सरकार बी आलं का वळीत? या. बरं झालं."

"ही बाजरी जप्त आहे," मी सांगितले.

"आसू द्या की. जप्त बाजरीची भाकर गोल व्हत न्हाई का? जातं तितं हाय. दळून कोन देनार तुमाला?"

मी दळले. पोलीस शिक्षणात जात्याचा समावेश नाही. पहिल्या दिवशी माझे पीठ भरड झाले आणि खांदा भरून आला. आक्का दहा पावलांवरून पाहत होत्या. "सायेब, वव्या म्हनल्याबिगर जातं फिरत न्हाई!" मला ओव्या येत नव्हत्या, मी शाळेतली पाढ्यांची उजळणी म्हणू लागलो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या गावात हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी झाला, असे त्यांच्यापैकी एकीने मला नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी निरोप पाठवून मास्तरांना जबाबासाठी बोलावले. ते पलीकडच्या काठावर छत्री उघडून उभे राहिले. त्यांच्याबरोबर लिहून घ्यायला हवालदार आणि फिर्यादी म्हणून पाटील आले होते. मी अलीकडे होतो, बाह्यांना पीठ लागलेले. माझ्या सबंध नोकरीत संशयित मोकळा आणि पोलीस कोंडलेला, अशी चौकशी ही एकच.

"आपले नाव, वय, धंदा?" मी ओरडून विचारले.

"ते नंतर लिहा," मास्तर म्हणाले. "आधी सांगा, जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

"भाकरी."

"कशाची?"

"बाजरीची."

"बाजरी कोठून आली?"

मी बाह्यांवरचे पीठ झटकले. हवालदाराने विचारले, "साहेब, ह्यो जबाब कुनाचा म्हनून ल्हिऊ?"

मास्तरांनी मग सरळ सांगितले. परवान्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. अर्जात गाडीवानाचे नाव हवे होते. आठवडाभर त्यांनी दारोदार विचारले. कोणी नाव लावू देईना. "मग माझ्या लक्षात आले, फौजदारसाहेब. या मुलखात धान्य न्यायला एक माणूस मिळत नाही. पण साथ पुढे लोटायला आठ मिळतात, आणि तेही धावत. भीतीला बैल जुंपावे लागत नाहीत. मी फक्त गाडा दिला."

"देवीच्या नावाने?"

"ओटी खरी आहे. टाक खरा आहे. नमस्कार करूनच मी आसन मांडतो. मला वाटते, तिला बसायला बाजरी आवडली असावी. पोती पोहोचली."

"परवान्याशिवाय धान्य हलवले, हे आपण कबूल करता?"

"करतो. सही कोठे करू ते सांगा. ओढा मात्र ओलांडणार नाही. हुकूम आहे."

या कबुलीने गुन्हा उघडकीस आला; आणि त्याच क्षणी मला जाणवले की मी काहीतरी मोडून ठेवले आहे. पाटील सारे ऐकत होते. त्यांच्या मिशा हळूहळू खाली आल्या.

"म्हंजी, मास्तर," ते म्हणाले, "आमी आमच्या कमरा मोडून ह्यांच्या चुली पेटवत हुतो?"

"हो, पाटील."

"आदी सांगितलं आसतं तर?"

"तर लोटला असतात?"

पाटलांनी पुष्कळ विचार केला. खोटे बोलण्याचा विचारही त्यांनी केला असावा. "न्हाई," ते म्हणाले आणि पाठ फिरवून निघून गेले.

सोमवारी आक्कांचे मापटे पोत्याच्या तळाला खरवडले. तो आवाज मी पंधरा पावलांवरून ऐकला. माझ्या टोपीत त्यांनी अर्धेच माप घातले आणि मी तेही परत ओतायला गेलो, तेव्हा त्यांनी मला आईने दटावावे तसे दटावले. कोणीही मला बोल लावला नाही. परंतु सर्वांना ठाऊक होते की फौजदाराने चौकशी केली, गुपित फुटले, आणि आता मधल्या गावाला गाड्याची भीती उरणार नाही. भीती नसेल तर गाडा कोण लोटणार? तीस-बत्तीस घरांच्या चुलींचा प्रश्न माझ्या कर्तव्यदक्षतेने अडवून ठेवला होता. त्या दिवशी मी जात्यावर बसलो नाही. दळायला काही नव्हते.

मंगळवार उजाडला. सारे गाव आपापल्या दगडामागे उभे होते. सूर्य वर आला. पलीकडे काही नाही. आक्का पदराचे टोक पिळीत होत्या.

मग हलगी ऐकू आली.

गाडा आला तो आठ जणांनी नव्हे, बारा जणांनी लोटत आणला. तोंडे तशीच दुसरीकडे, पळणे तसेच घाबरलेले. मला काही उमगेना. गाडा उतारावरून खाली आला तेव्हा दिसले की त्यावर मास्तरांच्या पोत्यांखेरीज दोन भोपळे, मिठाचे गाठोडे, गुळाची ढेप आणि हरभऱ्याची पिशवी बांधली होती. लोटणारे पळाले. पाटील तेवढे एकटे मागे राहिले. ओढ्याच्या पात्रात उतरून, माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सायेब, गावाला कायबी ठावं न्हाई. मी सांगितलं, देवी आवंदा जादा निवद मागतीया."

"म्हणजे तुमची फिर्याद मागे घेता?"

पाटील दचकले. "आसं करू नगा! फिर्याद तशीच चालू ठिवा. मागं घेतली तर लोक इचारतील, पाटील भ्यायचा का थांबला? आन एक, सायेब..." ते अडखळले. "म्होरल्या फिर्यादीत ल्ह्या, गाडा लई जड हुतो. आनखी गडी लागत्यात."

आठ दिवस पुरे झाल्यावर मी बाहेर आलो आणि अहवाल लिहिला. असत्य लिहिण्याची मला सवय नव्हती, म्हणून मुद्देमालाच्या रकान्यात लिहिले: 'बाजरी. शिल्लक नाही. खाल्ली गेली. खाणाऱ्यांत तपासी अधिकारी समाविष्ट.' पंधरा दिवसांनी वरिष्ठांचा शेरा आला: 'तपासी अधिकारी हाच साक्षीदार व मुद्देमालाचा उपभोक्ता असल्याने तपास अन्य अधिकाऱ्याकडे द्यावा. अन्य अधिकारी साथ संपल्यावर उपलब्ध होईल.' साथ संपेपर्यंत गाडा दर मंगळवारी चालला. साथ संपल्यावर अन्य अधिकाऱ्याची बदली झाली. शेरा लिहिणाऱ्या गृहस्थांना मी कधी भेटलो नाही. परंतु त्यांना कायदा आणि बाजरी या दोहोंची चव माहीत असावी.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणसाला भीतीतून चांगले काम करवून घेता येते, हे मास्तरांनी दाखवले. पण भीती उरली नसतानाही तिचे सोंग आणून तेच काम पुढे चालू ठेवता येते, हे पाटलांनी दाखवले; आणि ते अधिक अवघड आहे. मी हुकूम लिहिण्यात तरबेज होतो. त्या दोघांना माणसे वाचता येत होती. पोलीस ठाण्यात दोन्ही विद्या लागतात, आणि पहिली शिकवायला शाळा आहे.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप द्यायला पाटील आले. मिशा पूर्ववत वर होत्या. जाताना त्यांनी विचारले, "सायेब, आमची ती फिर्याद?"

मी दप्तर उघडून पाहिले. आरोपीचा रकाना अजून कोराच होता. "तपासावर आहे, पाटील. मी नव्या फौजदारांना सांगू का, निकाली काढा म्हणून?"

"नगं, नगं!" ते घाईने म्हणाले. "राहू द्या चालू. साथीचं काय सांगावं? गाडा पुन्यांदा लागला तर भ्यायला कायतरी कारन पायजे की."